फक्त एकच शिल्लक

पल्लवीने फोटो चढवला, एक बटण दाबलं, आणि स्क्रीनवर आमच्या गणपतीच्या पायाखाली तांबड्या अक्षरांत उमटलं : फक्त एकच शिल्लक, लगेच मागवा. मी हसलो. मी हसलो म्हणून पल्लवीही हसली. मग तिने समजावलं, "ती सिस्टिम आपसूक लिहिता, श्रीनाथबाब. तुम्ही साठ्यात एक घातलंत न्ही? साठो कमी झालो की ती गिऱ्हाइकाक घाई करता. नको तर बंद करूया." मी म्हटलं, राहू दे. राहू दे का म्हटलं ते मला त्या वेळी कळलं नाही. अनोळखी माणसाने रस्त्यात थांबवून आपलं वय बिनचूक सांगावं तसं काहीसं झालं होतं. त्या यंत्राचं काही चुकलं नव्हतं. एकच होता. आमच्या गणपतीच्या चित्रशाळेत प्रत्येक मूर्ती एकच असते, पण ती शिल्लक कधीच नसते. माती भिजवायच्या आधीपासून ती कुणाची तरी असते. हे मी पल्लवीला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, मग साठ्यात काय घालू?

पल्लवीचं ऑफिस डिचोलीला, बसस्टँडच्या मागे, एका औषधांच्या दुकानावर. तिचे वडील आणि मी पाळी गावातल्या लोखंडाच्या खाणीच्या काट्यावर एकत्र नोकरीला होतो. भरलेले ट्रक वजनाला यायचे, आम्ही पावत्या फाडायचो. खाणी बंद पडल्या तेव्हा दोघे एकदमच घरी बसलो. ते आता नाहीत. त्यांची मुलगी वेबसाइटी करते आणि वडिलांच्या ओळखीखातर माझ्याशी जरा जास्तच सबुरीने बोलते. वेबसाइट हवी हे खूळ मात्र माझ्या मुलीचं, गौरवीचं. ती पुण्याला असते. "पप्पा, आजकाल लोक गणपतीसुद्धा मोबाइलवर बघून ठरवतात," असं ती फोनवर म्हणाली तेव्हा मी चिडलो, आणि मी चिडलो याचा अर्थ मला पटलं होतं. पल्लवीचं म्हणणं असं, की वेबसाइट बांधणं सोपं, ती चालवायची कशावर हे आधी ठरवायला हवं. तिच्याकडे दोन सिस्टिमी होत्या. एक लिहिण्याची. तीत पानं असतात, लेख, फोटो, जुनी माहिती. घराण्याचा इतिहास घाला, माती कशी मळतात ते घाला, लोक वाचतील, आवडलं तर फोन करतील. दुसरी दुकानाची. तीत वस्तू असतात. वस्तूला नाव, माप, किंमत, साठा, आणि खाली टोपली. "कंटेंट मॅनेजमेंट म्हणजे काय," ती म्हणाली, "मी नसताना तुमचां तुमकां बदलूक येवक होया. तर पयलां सांगा, तुमच्याकडे सारखां बदलता ता काय? वस्तू बदलतत की लेख?" मी विचारलं, आता एक घेऊन मागाहून दुसरी करता येते का. येते, म्हणाली, पण सगळं सोबत येत नाही. लिखाण येतं, फोटो येतात. मांडणी मागे राहते, पत्ते तुटतात, जुन्या माणसांना पान सापडत नाही. "म्हणून आताच काय तो बरो विचार करा."

बऱ्या विचारासाठी माझ्याकडे स्कूटरचा रस्ता होता, अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, आणि पुढे आमच्या पेडण्यापर्यंत हायवे. पाऊस थांबून थांबून पडत होता. हेल्मेटच्या काचेतून सगळं जग ओलं आणि थोडं वाकडं दिसत होतं, आणि मी मोठ्याने बोलत होतो, कारण हेल्मेटच्या आत माणूस बोलला तर कुणाला कळत नाही. सारखं बदलतं ते काय? आमच्याकडे काहीच बदलत नाही. तेच तर आमचं भांडवल. तीच चिकण माती, तीच घरं, त्या घरांची तीच मूर्ती. लिहिण्याची सिस्टिम घेतली तर पहिल्या आठवड्यात सगळं लिहून संपेल, आणि मग ते पान वर्षानुवर्षं तसंच राहील, एखाद्या मेलेल्या माणसाच्या फोटोसारखं, हार सुकलेला. दुकानाची घेतली तर साठा हवा. दोन हातांनी साठा होत नाही. साठा म्हणजे संदीप. हे मी इतक्या स्पष्टपणे स्वतःशी पहिल्यांदाच म्हटलं, आणि मागच्या ट्रकने हॉर्न दिला म्हणून बाजूला झालो.

संदीप बांद्याचा. तोही पाळीला ट्रकवर होता; माझ्या काट्यावरून त्याने किती लाल माती नेली असेल ते देव जाणे. आता टेंपो चालवतो आणि चवथीच्या आधी पेणहून तयार गणपती भरून आणतो. साच्यातले, पण शाडूचे, कायद्यात बसणारे. गेल्या महिन्यात तो आमच्या पडवीत बसून म्हणाला, "दादानू, तुमचा नाव मोठा. तुमच्या नावान मी गाडी भरून देतंय. तुमका मातीक हात लावूची गरज नाय." मला अपमान वाटला. मी त्याला चहा दिला, चहाबरोबर सकाळचा उरलेला उंडा पाव दिला, आणि नाही म्हणालो नाही. त्याने जाताना चार नमुन्यांचे फोटो मोबाइलवर पाठवले. मी ते पुसले नाहीत. रोज एकदा उघडून बघतो. तोंडं चांगली आहेत. साच्यातली असून चांगली आहेत, हे मला आवडत नाही, पण आहेत.

आमच्याकडे गणपती विकत नाहीत, हे बाहेरच्याला सांगून समजत नाही. आषाढात लोक आपापला पाट घेऊन येतात. घरचा पाट, जाड, तेल पिऊन काळा झालेला, खालच्या अंगाला घराण्याचं नाव. तो भिंतीशी टेकवून ठेवतात, "बरे मां?" विचारतात, चहा पितात आणि जातात. मूर्ती केवढी, कशी, कितीला, एक अक्षर निघत नाही. निघायची गरज नसते. मोरजीच्या शेटयांचा गणपती डावा पाय खाली सोडून बसतो. तेरेखोलच्या नाईकांचा बुटका आणि बुडाला जड, कारण त्याला फेरीबोटीतून नदी ओलांडायची असते. कुणाला मांडीवर उंदीर, कुणाला शेजारी शंकर. हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं आणि बाबांच्या डोक्यातून माझ्या डोक्यात आलं. चवथीच्या आदल्या दिवशी घरची माणसं येतात, पाटावर विडा ठेवतात, विड्याखाली जे असेल ते असतं, आणि 'मोरया' म्हणून देव उचलतात. बाबांनी जन्मात कुणाला किंमत सांगितली नाही. असे पाट मी लहान असताना भिंतीशी मावायचे नाहीत, पडवीत यायचे. आता भिंत दिसते. का दिसते याची माझ्याजवळ भरपूर कारणं आहेत. पोरं पर्वरीला फ्लॅटात गेली. मोपाच्या विमानतळाने जमिनीला भाव आला आणि भाऊ भावापासून फुटले. कुणी पोर्तुगालचा पासपोर्ट काढून गेले. आणि राहिले त्यांना पेणचे चकचकीत डोळे हवे झाले. ही कारणं मी इतक्यांदा सांगितली आहेत की मी सुरू झालो की माझी बायको सुविधा उठून कुकर लावते. बाबा उठू शकत नाहीत. ते ऐकतात.

बाबांचं नाव शांताराम. चार वर्षांमागे त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते चित्रशाळेतच खुर्चीवर असतात, माझ्या कामासमोर, मांडीवर तो हात ठेवलेला, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. बोलतात, पण शब्द वेचून, म्हणून कमी. माझं सगळं काम त्यांच्या नजरेखाली होतं आणि मला ते आवडायचं. परंपरा म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं. पाठीमागे हात नसला तरी डोळे आहेत. लहानपणी याच खोलीत ते मला उंदीर करायला द्यायचे. उंदीर, मोदक, कमळाच्या पाकळ्या. मी शेकड्यांनी उंदीर केले असतील. तोंडाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा मी ते जेवायला गेल्यावर एका मूर्तीची सोंड नीट करायला गेलो, तर त्यांनी येऊन बघितलं, ओलं फडकं घेतलं आणि सगळं तोंडच पुसून पुन्हा केलं. मला राग आला नव्हता. कलावंत माणूस, असाच असायचा, असं तेव्हापासून मी ठरवून टाकलं. पुढे पाळीची नोकरीही त्यांनीच स्वतः कंत्राटदाराकडे चार खेपा घालून मिळवून दिली. पोराला महिन्याचा पगार असावा, आपल्यासारखं पावसाकडे बघत बसायला लागू नये, म्हणून त्यांनी माझ्या कलेवर पाणी सोडलं, हेही मी ठरवून टाकलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत, तोंडावर रुमाल बांधून त्या लाल धुरळ्यात पावत्या फाडताना, मला एकच विचार धीर द्यायचा : माझी जागा तिकडे पेडण्याला रिकामी आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा सगळे रडत होते आणि मी आतून मोकळा झालो होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबांनी मला माती मळायला घेतलं, अंग करायला घेतलं. तोंडं ते स्वतः करत राहिले. मग ते बांबोळीच्या इस्पितळात पडले, चवथ तोंडावर आली होती, आणि तोंडं माझ्याकडे आली. बाप खाटेवर पडलेला असताना मी सुखात होतो. त्या वर्षी पहिल्या मूर्तीच्या भुवया काढताना माझे डोळे भरून आले होते, आणि ते बाबांसाठी नव्हते.

घरी येऊन मी पल्लवीने दिलेली तात्पुरती साइट लॅपटॉपवर उघडली. ती म्हणाली होती, दोन्ही सिस्टिमी थोड्या थोड्या वापरून बघा, हाताला कुठली बसते ते कळेल. लिहिण्याच्या सिस्टिमीत मी एक पान केलं, 'आमच्याविषयी'. चौथी पिढी, एवढं लिहिलं. पुढे काही सुचेना. सुविधा मागून वाचून गेली आणि म्हणाली, "बरां आसा. पण पंचायतीच्या बोर्डासारखां वाटता." ती शाळेत शिकवते, तिला चुका दिसतात. मग मी दुकानाची उघडली, आणि सांगायला लाज वाटते, पण तिच्यात मला मजा आली. चौकटी होत्या. चौकटी भरायच्या होत्या. काट्यावरचे दिवस हाताला आठवले. गेल्या वर्षीच्या मूर्तींचे फोटो एकेक करून चढवले. पहिली चौकट होती नावाची. वस्तूचं नाव. आमच्या धंद्यात मूर्तीचं नाव म्हणजे घराचं नाव, दुसरं नाव तिला नसतंच. मी लिहिलं, 'शेटयांचा गणपती, मोरजी'. 'नाईकांचा गणपती, तेरेखोल'. असं भरत गेलो. किमतीची चौकट रिकामी ठेवली तर सिस्टिम पुढे जाऊ देईना. मी शून्य घातलं. तिने मुकाट्याने घेतलं आणि पडद्यावर लिहिलं, मोफत. मग साठा एक. शेटयांचा गणपती, मोफत, फक्त एकच शिल्लक. मी बघत बसलो. शेवटी, हात लागलाच होता म्हणून, संदीपचे चारही नमुने चढवले. त्यांना नाव नव्हतं. त्यांना कुणाच्याच घराचं नाव घालता येत नव्हतं, तेव्हा नुसते आकडे घातले. बाबा खुर्चीवरून बघत होते. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून दोन्ही सिस्टिमी समजावल्या, पल्लवीने मला समजावल्या तशा. "दुकान घेतला तर भायरचो माल हाडूक होयो, बाबा. तुमच्या नावाखाली. माका ता पटणा नाय." ते पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जेवया." खाली दोन बटणं होती, जतन करा आणि प्रसिद्ध करा. जतन म्हणजे आतच राहील आणि प्रसिद्ध म्हणजे जगाला दिसेल, हे मला आज सांगता येतं. त्या वेळी मला वाटलं, तात्पुरती साइट, तिला कोण बघणार. दुसरं बटण दाबलं आणि गौरवीला पत्ता पाठवला. तिने तो कौतुकाने साऱ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना पाठवला.

तीन-चार दिवसांनी सकाळी सुलोचनाकाकी आल्या. मोरजीच्या शेटयांच्या थोरल्या. रशियन लोकांना खोल्या भाड्याने देऊन देऊन त्यांना थोडी रशियन येते म्हणतात. आमच्याशी मात्र त्या अस्सल पेडण्याचं बोलतात. मी शेटयांचीच मूर्ती घेऊन बसलो होतो, अंग झालं होतं, तोंड व्हायचं होतं. पावसात माती सुकत नाही म्हणून दिवा लावला होता, त्याची ऊब कानाला लागत होती. काकींनी छत्री दारात टेकवली आणि बाबांकडे बघून हसल्या. "शांतारामभाऊ, तुमच्या झिलान आमचो देव बाजारात काढल्यान, आयकलात मां? आणि तो पण फुकट."  मी उठलो, हात मातीचे, कुठे पुसू ते कळेना. "चुकान झाला, काकी. ती साइट अजून तपासतंव." "म्हणजे बेंगळुराचो कोण तरी आमचो गणपती टोपलेत घालून गेलो असतो, आणि आमी चवथीक रिकाम्या पाटाची आरती केली असती." बाबा अर्ध्या तोंडाने हसले. मीही हसलो. त्या रागावल्या नव्हत्या. त्या मस्करी करायला आल्या होत्या. शेजारी पेडण्याच्या बँकेत त्यांचं काम होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा सांगायला आत जाणार होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दाखव बघया माका. नातू दाखवता तो बोटान इतक्या बेगीन सरकयता, काय दिसणा नाय."

मी मोबाइल दिला. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि एकेक फोटो डोळ्याशी धरून बघू लागल्या. पहिलाच त्यांचा होता. नाव खाली होतं, पण नाव वाचायला त्यांनी मोबाइल फार जवळ धरला होता, त्यांना नुसतं तोंड दिसत होतं. "ह्यो खंयचो?" मी म्हटलं, "तुमचोच, काकी. गेल्या वर्साचो." "असो?" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दहा दिवस त्यांनी त्याच्यापुढे बसून आरत्या म्हटल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं, फोटोत उजेड कमी आला आहे. नाईकांचा बघितला, आणखी दोन बघितले, बोट तसंच सरकत होतं. मग थांबलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसा माणसाचा जुन्या ओळखीचं कुणी गर्दीत दिसल्यावर होतो. त्या माझ्याकडे न बघता बाबांकडे गेल्या, मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "ह्यो बघा. ह्यो तुमच्या हातचो. ह्यां तोंड मी खंयय वळखीन. ह्यो जुनो फोटो मरे, शांतारामभाऊ? आमच्याकडे येय असो, मी नवी व्हंकल, लग्न होवन इल्लंय तेव्हा." मला मोबाइल बघायची गरज नव्हती. माझ्या मूर्तींच्या पुढे त्या साइटवर संदीपच्या चार नमुन्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. मी मनातल्या मनात बाबांना विनवत होतो की हो म्हणा. एक मान हलवा, पुढचं मी बघतो. बाबांनी डाव्या हाताने मोबाइल धरला, नीट बघितला. "माझो न्हय," ते म्हणाले. "पेणचो. साच्यातलो." काकींनी मोबाइल परत घेतला. आतून सुविधाच्या कपबश्यांचा आवाज आला, वरून मोपाचं एक विमान गेलं. मग त्या अगदी हळू, माझ्याकडे बघून, पोराला ताप आल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "बरो आसा. राग मानू नको, बाबा. औंदा आमका ह्योच दी. पाट आसा तोच वापर." आणि बँक बंद होईल म्हणून चहा न घेताच गेल्या.

मी परत बसलो. शेटयांची मूर्ती समोर होती, तोंड नसलेली, आणि तिला आता तोंड करायचं कारण उरलं नव्हतं. मी बोलायला लागलो. लोकांची नजर बिघडली आहे, मोबाइलवर सगळी तोंडं सारखी दिसतात, म्हाताऱ्या माणसाला काय साच्यातलं आणि काय हातचं; मी बोलत राहिलो आणि सुविधा कुकर लावायला गेली नाही, ती दारात उभी राहिली. "दुकान घे," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या नावान दुसऱ्याचो माल इकू?" ते म्हणाले, "माझ्या नावाचा काय करतलंस? लोणचां?" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की सुविधा हसली. मग ते शब्द शोधत बसले. मला वाटलं, ते थकले. पण ते शोधत होते तो शब्द सौम्य हवा होता म्हणून वेळ लागत होता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि ते सांगायच्या आधीच मला कळलं की ते काय सांगणार आहेत. "लोक तुझ्यासमोर बोलनत नाय. माझ्याकडे बोलतत. पाट परत न्हेवचो असलो की तू बाजारात गेल्लो बघून येतत, माका विचारतत. मीच सांगतंय, घेवन जावा, काय वायट वाटून घेव नका." मी विचारलं, किती जणांना सांगितलंत. विचारल्यावर लगेच वाटलं, विचारायला नको होतं. ते म्हणाले, "माती बरी मळतंस. अंग बरां करतंस. पण तोंड नाय येणा तुका, बाबू. ल्हानपणापसून नाय. कोणाचो दोष नाय तो."

मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागात माणसाला काहीतरी करता येतं. मला नुसतं मोकळं मोकळं वाटत होतं, घर रिकामं केल्यावर वाटतं तसं, जिथे बोललं तर आवाज घुमतो. पर्वरीचे फ्लॅट, मोपा, पासपोर्ट, पेणचे डोळे, सगळ्यांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या आणि त्यांनी माझं काही केलं नव्हतं. आणि हे ज्याला ठाऊक होतं तो रोज माझ्यासमोर बसून मी भुवया काढताना बघत होता. मला वाईट कशाचं वाटलं असेल तर त्याचं. तोंड येत नाही याचं नंतर वाटेल, त्याला पुष्कळ दिवस आहेत. मी हात धुतले आणि पल्लवीला फोन लावला. दुकानाची, म्हटलं. "खात्री आसा मां?" तिने विचारलं, "मागीर बदलूक त्रास पडतलो." म्हटलं, बदलायची नाही. तिने विचारलं, "आणि तुमच्या हातच्या गणपतींचे फोटो? ते वेगळ्या पानावर ठेवू? लोकांक ता आवडता." म्हटलं, ते काढ. ती म्हणाली, एखादा तरी, आणि मी म्हटलं, एकही नको. संदीपला फोन करायचा होता, तो मी केला नाही. तो दुपारी जेवून करता येण्यासारखा होता.

पण भिंतीशी अजून पाट होते. तेरेखोलच्या नाईकांचा, आणखी काहींचा. त्यांनी ते परत मागितले नव्हते. भिडेने असेल, किंवा अजून मी बाजारात गेलो नव्हतो म्हणून असेल. चवथ जवळ आली होती आणि या घरांना देव द्यायचा होता, माझ्याच हातचा, कारण दुसरा त्यांनी मागितला नव्हता. शेटयांची मूर्ती मी बाजूला ठेवली. नाईकांची ओढली. तिच्यावरचं ओलं फडकं काढलं, मातीचा थंड वास आला, कोरणी पाण्यात बुडवली आणि कपाळापाशी नेली.  हात नेहमीसारखाच होता. समोर बाबांची खुर्ची होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि पायाने रेटून ती खिडकीकडे वळवू लागले. खुर्ची जड होती, एका बाजूने नुसती करकरत राहिली. त्यांना ते जमेना. मी कोरणी ठेवली, उठलो, त्यांना खुर्चीसकट खिडकीकडे वळवून दिलं, आणि परत येऊन कामाला बसलो.